दापोडीचा पूल

गुडघ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला,
विचारलं, दिवसातून किती वेळा वाकता?
मी मोजलं. सकाळी दोनदा, जेवणाआधी एकदा,
रात्री मालगाडी सोडायला,
मग दिवा विसरला म्हणून परत.
वाकत नाही हो, म्हटलं. रांगतो.
दापोडीच्या पुलाखालून.

बिबवेवाडीत, तिसऱ्या मजल्यावर, मुलीच्या रिकाम्या खोलीत
पुणे ते कर्जत लोहमार्ग आहे माझा,
साडेसोळा मिलिमीटर रुंद.
खोली चौकोनी, म्हणून भूगोल गोल:
कर्जत संपतं तिथेच पुणे सुरू होतं,
आणि दारासमोर, घाटाला खेटून, मुळेवरचा पूल.
खऱ्या दापोडीकरांनी माफ करावं.

वीस वर्षं शरयूनं चहा त्या पुलावरूनच दिला.
साडी नेसून कोण रांगणार, म्हणाली होती एकदा.
मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

लादूराम मिस्त्री भवानी पेठेतून प्लाय घेऊन आला,
मान वाकडी करून खालून सगळं बघितलं.
"साहेब, दार गाडीसाठी की माणसासाठी?"
मी म्हटलं, आधी चहा घ्या.

कुठे कापायचं हे ठरवण्यात आठ दिवस गेले.
वळणावर नाही. सांध्यावर तर नाहीच नाही.
आणि कापण्याआधी रूळ बांधून घ्यायचे असतात,
दोन्ही काठांना पितळी स्क्रू, त्यावर सोल्डर,
म्हणजे करवत निघून गेल्यावरही
त्यांनी आपली जागा सोडू नये.
मग बारीक दात्यांची करवत.
घासणी परातीवर फिरते तसा आवाज आला.
मी रेडिओ मोठा केला.

आधी बिजागरी लावली.
ती रुळाच्या पातळीच्या वर हवी
हे कळेपर्यंत दोन रूळ वाकले.
काढली. आता पूल सरळ उचलायचा,
परत ठेवताना दोन पितळी खुंट्या दोन भोकांत,
टक्.
पुलाच्या पोटाखाली तापकीर गल्लीतलं बारा रुपयांचं बटण:
पूल जागेवर, तर वीज.
पूल हातात, तर अलीकडचा पलीकडचा दीड-दीड फूट रूळ मेलेला.
ते बसवायला मी एक दिवस उशीर केला.
निळं इंजिन बेचाळीस इंच खाली, फरशीवर.
त्याचा एक बफर अजून कपाटाखाली आहे, बहुतेक.

ऑगस्टमध्ये प्लाय फुगला. अर्धा मिलिमीटर.
एवढ्यानं पूल बसेना.
सँडपेपर घेऊन घासत बसलो,
बाहेर गणपतीच्या मांडवाचे बांबू पडत होते.

आणि मग ती आली. चालत.
हातात दोन कप, पदरही सावरावा लागला नाही.
मी पूल काखेत धरून उभा, नदी उघडी.
ती घाटासमोर थांबली.

दारातून तिला दिसायची ती घाटाची पाठ:
चिकटवलेली जुनी वर्तमानपत्रं, रंग न दिलेली,
कारण तिकडून कोण बघणार आहे?
"मला वाटायचं डोंगर असाच आहे," ती म्हणाली.
"तूरडाळ एकतीस रुपये किलो,
खाली कुणाचंसं दहावं.
पाठ झालंय मला ते. चहा देताना वाचायचे.
हा हिरवा आहे होय?"

मी काहीतरी बोलणार होतो, करवंदीच्या जाळ्यांबद्दल,
त्या मी स्पंज कातरून केल्या होत्या.
पण ती पुढे सरकली होती, लोणावळ्याच्या फलाटापाशी.
चष्मा कपाळावरून खाली घेतला.
"ही कोण?"
प्रवासी, म्हटलं. पाकिटात सहा येतात.
"केव्हापासून उभी आहे?"
दोन हजार चारपासून असेल.
"बाक द्या तिला एखादं."

कप कुठे ठेवायचा, तिनं इकडे तिकडे पाहिलं,
तळेगावच्या मागच्या शेतात ठेवला.
तिथे अजून गोल डाग आहे.

खडकीला लोकल थांबलेली, वीज नाही.
पूल माझ्या काखेत गरम होत गेला.
कुणी घाई केली नाही.